खिशातली टांकसाळ

मुंबईसारख्या शहरात सर्वांत जास्त हात कोणत्या वस्तूला लागतात आणि सर्वांत कमी डोळे कोणत्या वस्तूकडे वळतात, असे कुणी मला विचारले तर दोन्ही प्रश्नांचे मी एकच उत्तर देईन : सुटे नाणे. भाजीवाली ते न पाहता घेते, रिक्षावाला न पाहता देतो आणि आपण न पाहता खिशात टाकतो. फार तर अंगठ्याने चाचपून ते रुपयाचे की दोन रुपयांचे एवढी खात्री करून घेतो. हल्ली मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून तेवढाही संबंध उरलेला नाही. आणि तरीही या उपेक्षित चिल्लरीसाठी भिंग घेऊन बसणारी माणसे या शहरात आहेत. अशा माणसांचे गाव म्हणजे मुंबईचा कोट.

कोटात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण बाहेरगावचा पाहुणा तिथे बहुधा घड्याळाचा मनोरा, हुतात्मा चौक आणि गेटवे एवढेच पाहून परततो. बोरीबंदराहून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, मोठ्या पोस्टाला वळसा घालून दक्षिणेकडे निघाले की जो रस्ता लागतो त्याला जुने लोक अजून मिंट रोड म्हणतात. पाटीवर आता शहीद भगतसिंग यांचे नाव आहे. या रस्त्यावर एका हाताला रिझर्व्ह बँकेची उंच, गंभीर इमारत उभी आहे आणि तिच्या शेजारीच दर्शनी खांबांची, बैठी, भारदस्त अशी सरकारी टांकसाळ. १८२९ सालापासून ती इथे आहे. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली तेव्हा टांकसाळीला जवळजवळ पंचवीस वर्षे झालेली होती. आत जायला तुम्हांआम्हांला सहज मुभा नाही. पण त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण टांकसाळीतला माल आपल्या खिशातच असतो. पदपथावर उभे राहून खिशातले एखादे नाणे काढावे आणि सालाच्या आकड्याखाली पाहावे. तिथे चिमुकला चौकटचा इस्पिकासारखा नव्हे, पत्त्यातल्या चौकटसारखा आकार दिसला, तर ते नाणे या समोरच्या भिंतीआड जन्मलेले. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे. गोल ठिपका असेल तर नोएडाचे. तिथली टांकसाळ १९८८ सालची, चौघींत धाकटी. आणि सालाखाली काहीच नसेल तर ते कलकत्त्याचे. थोरल्या घराण्याला गावाचे नाव सांगावे लागत नाही, त्यातलाच हा प्रकार!

या चार खुणा एकदा डोळ्यांत बसल्या की मग चिल्लर ही चिल्लर राहत नाही. भाजीवालीने दिलेले चार रुपये म्हणजे चार गावांहून आलेले चार पाहुणे वाटू लागतात. क्वचित त्यांत एखादा परदेशीही निघतो. १९८५ च्या सुमारास देशात नाण्यांचा तुटवडा इतका झाला की सरकारने परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून आणली. त्या सालच्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी 'एच्' अक्षर आहे. ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. पंचवीस पैशांच्या काही नाण्यांवर 'सी' आहे, ते कॅनडातल्या ओटावाचे. सिंहमुद्रा आपली, कणसे आपली आणि जन्मगाव मात्र समुद्रापलीकडचे.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे नाण्यांकडे मी वळलो तो शब्दांच्या वाटेने. आपण रुपया 'मोडतो' आणि दुकानदाराकडे 'मोड' मागतो. खुर्दा, चिल्लर, सुटे असे एकाच वस्तूला चार शब्द आपल्याकडे आहेत. चवली, पावली, अधेली ही नावे माझ्या आजीच्या तोंडी होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढे १ जून १९६४ पासून पैशाचे 'नवे'पणही गेले. पण भाषेने आपला हिशेब बदलला नाही. आजही गोष्ट सोळा आणे खरी असते, कोंबडी चार आण्यांची आणि मसाला बारा आण्यांचाच असतो. आण्याचे नाणे जाऊन साठांहून अधिक वर्षे झाली, तरी भाषेच्या बाजारात ते बिनतक्रार चालते.

असो. मुद्दाम सांगायची आहे ती कोटातली एक फेरी. माझ्याबरोबर होते आमच्या इमारतीतले तळमजल्यावरचे अण्णा. अण्णा एस्. टी. मध्ये कंडक्टर होते. चौतीस वर्षे त्यांच्या गळ्यात ती कातडी पिशवी होती आणि त्या पिशवीतून किती लाख नाणी आलीगेली असतील याचा हिशेब ब्रह्मदेवालाही लागायचा नाही. वेगळे दिसणारे नाणे आले की ते स्वतःच्या खिशातले तेवढे पैसे पिशवीत टाकायचे आणि ते नाणे घरी आणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. त्यांना त्याचा छंद वगैरे आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. "उगाच ठेवलंय, सर," एवढेच ते म्हणत.

या वर्षी एप्रिलात अण्णांना एक फोन आला. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे आहे काय? असल्यास आमची कंपनी पाच लाख रुपये देते. फक्त नोंदणीचे अडीच हजार आधी पाठवावेत. नाणे अण्णांच्या डब्यात होते. एक सोडून तीन होती! नात इंजिनियरिंगला जाणार होती, तिच्या प्रवेशाचे पैसे जमवायचे चालले होते. पंधरा लाखांचा आकडा त्या घरात आठ दिवस भुतासारखा फिरत होता. अण्णा अडीच हजार घेऊन पाठवायला निघाले आणि जिन्यात माझी गाठ पडली म्हणून थांबले. मी म्हटले, "अण्णा, अडीच हजार कुठे पळून जात नाहीत. उद्या सुट्टी आहे, आपण डबा घेऊन कोटात जाऊ. तिथे जाणते लोक आहेत. त्यांनी सांगितलं तर खुशाल पाठवा."

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून निघून आम्ही दहाच्या सुमाराला कोटात पोहोचलो. दुकाने उघडायला अवकाश होता, म्हणून आधी मी त्यांना सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या अमर बिल्डिंगमध्ये घेऊन गेलो. रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय तिथे आहे. २००४ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुंबईकर कुटुंबांनी राणीच्या बागेइतक्याच हौसेने मुलांना इथे न्यावे असे माझे मत आहे. चांदीच्या तुकड्यांवर ठसे मारून केलेल्या आहत नाण्यांपासून आजच्या नोटेपर्यंत अडीच हजार वर्षे इथे काचेआड ओळीने मांडलेली आहेत.

अण्णा सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ते ब्रिटिश अमदानीच्या रुपयांपाशी. त्यांना मी १९११ च्या रुपयाची हकीकत सांगितली. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक हत्ती कोरलेला होता. पण कारागिराने त्याची सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. मोठा क्षोभ झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले ७ लाखांच्या आसपास बाहेर पडले होते. उरलेले वितळवण्यात आले आणि १९१२ पासून सुधारलेल्या सोंडेचा हत्ती आला. आज तो १९११ चा रुपया संग्राहक शोधत असतात. राणी व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयाची तऱ्हा आणखी वेगळी. पुढली बारा वर्षे रुपयावर तेच साल छापले जात होते, आणि खरे साल ओळखण्यासाठी बारीक ठिपक्यांची खूण असे. त्यामुळे एकाच सालाच्या दोन रुपयांत ठिपक्यांचा फरक, आणि त्या फरकावर किमतीचा फरक!

"म्हणजे चूक झाली की किंमत वाढते?" अण्णांनी विचारले.

"चूक दुर्मिळ असेल तर," मी म्हणालो.

"आमच्याकडं चुकीचं तिकीट फाडलं की पगारातनं कापायचे," अण्णा म्हणाले आणि पुढच्या कपाटाकडे वळले.

चुका आणि बदल यांचाच इतिहास वाचायचा तर आपल्या महाराष्ट्राइतकी श्रीमंती थोड्या ठिकाणी आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपान क्षत्रपाची. पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रूचा पराभव झाल्याची बातमी त्याने शत्रूच्याच नाण्यावर छापून घरोघर पोहोचवली. आणि शिवरायाची शिवराई! एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण वेगवेगळ्या ठशांवर अक्षरांची वळणे वेगळी, ऱ्हस्वदीर्घ वेगळे, कुठे 'शिव'चा 'सीव' झालेला. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत असे दिसले तर मी तांबडी रेघ मारतो. इथे मात्र त्या अशुद्धलेखनापुढे हात जोडतो.

अकराच्या पुढे आम्ही दुकानाकडे वळलो. कोटातल्या एका गल्लीत, लाकडी जिना चढून गेल्यावर हे दुकान आहे. मालक साठीचे, नाकावर सरकलेला चष्मा, टेबलावर दिवा, भिंग आणि मखमलीचा तुकडा. अण्णांनी डबा उघडून मखमलीवर ओतला. मालकांनी पाहिले मात्र आणि कपाळावर हात मारला.

"काका, ही घासली कुणी?"

"मंडळींनी," अण्णा अभिमानाने म्हणाले. "दर दिवाळीला चिंच-मीठ लावून. लक्ष्मीपूजनाला लागतात ना."

"वहिनींना माझा नमस्कार सांगा, आणि हात जोडून सांगा की नाणं कधी घासायचं नसतं. त्याच्यावरचा काळा थर हीच त्याची कातडी. चिंचेनं ती सोलून निघते, आणि चार पैसे मिळायचे तिथे एक मिळतो."

वाचकहो, दिवाळीच्या तोंडावर हे वाक्य ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. घरोघरी पूजेच्या तबकात पितळी वीस पैसे असतात. १९६८ ते १९७१ या काळातले, कमळाचे. लक्ष्मीचे आसन म्हणून आपल्या आयाआज्यांनी ती जपून ठेवली. त्यांत सोने आहे अशीही एक वदंता होती. सोने अर्थातच नाही. पण नाणे देखणे आहे. ते पुजावे, हळदकुंकू वाहावे, मग कोरड्या मऊ फडक्याने पुसून ठेवावे. चिंच पातेल्यांसाठी राखून ठेवावी.

मालक एकेक नाणे दिव्याखाली धरून बाजूला करू लागले. हाताबरोबर त्यांचे तोंडही चालू होते. "नाणं समोर आलं की तीनच प्रश्न विचारायचे. पाडली किती? उरली किती? उरली ती कशी उरली? किती जुनं आहे हा प्रश्नच नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं शंभर-दोनशेत मिळतं आणि काल पाडलेल्याला हजारो मोजावे लागतात." १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ काढलेले अर्ध्या रुपयाचे नाणे त्यांनी वेगळे काढले. ते दोन तऱ्हांचे आहे : एकावर नेहरूंचे नाव इंग्रजीत, दुसऱ्यावर देवनागरीत. अण्णांच्या डब्यात दोन्ही निघाली. "छान आहेत, पण लोकांनी तेव्हा आठवण म्हणून ढिगानं ठेवलीत. जी गोष्ट सगळे जपून ठेवतात ती दुर्मिळ होत नाही. न जपलेली होते."

मग त्यांनी हाताने करून पाहण्याची एक परीक्षा दाखवली. नाणे दोन बोटांत सरळ धरावे आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे आडवे फिरवावे. आपल्या आजच्या नाण्याची मागची बाजूही सरळ उभी दिसली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी दिसली तर टांकसाळीत ठसा फिरला असे समजावे. चित्र एका बाजूला सरकलेले असेल, कड सुटलेली असेल, एकावर दोन ठसे उमटले असतील, तर नाणे बाजूला ठेवावे. मात्र रस्त्यावर घासून, ठोकून, तापवून बिघडलेले नाणे निराळे. टांकसाळीतली चूक आणि बाहेरची मारहाण यांतला फरक ओळखायला मात्र भिंग लागते आणि वर्षे लागतात.

तीन वैष्णोदेवी सर्वांत शेवटी राहिल्या होत्या. मालकांनी त्या अण्णांच्या तळहातावर परत ठेवल्या. "पाच रुपये, पाच रुपये, पाच रुपये. भाजी आणा. २०१२ चं नाणं, भरपूर पाडलेलं, आजही चालतं."

अण्णा काही बोलले नाहीत. पंधरा लाख आणि पंधरा रुपये यांतले अंतर तोडायला माणसाला थोडा वेळ लागतो. मी त्यांना सांगितले की रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केले आहे : जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. बँकेचे नाव सांगून पैसे मागणारा भामटाच असतो. अण्णांनी मान हलवली आणि डबा आवरायला घेतला.

तेवढ्यात मालक म्हणाले, "थांबा. तळाशी चिकटलाय तो कोणता?"

डब्याच्या कोपऱ्यात एक रुपया राहिला होता. "तो खोटा," अण्णा म्हणाले. "एका प्रवाशानं गर्दीत चिकटवला मला. दोन्हीकडं सिंहच. कुणी घेईना. शेवटी पदरचा रुपया घालून हिशेब मिटवला. मंडळींनी पूजेतसुद्धा घेतला नाही, खोटं नाणं लक्ष्मीपुढं कसं ठेवायचं म्हणून."

म्हणूनच तो घासलेला नव्हता. मालकांनी भिंगाखाली धरला आणि आम्हांला बोलावले. एका बाजूला सिंहमुद्रा नेहमीसारखी उठावाची होती. दुसऱ्या बाजूला तीच मुद्रा होती, पण उलटी आणि आत खोल गेलेली, मेणावर उमटवलेल्या शिक्क्यासारखी. हे असे घडते : ठसा बसलेले नाणे कधी यंत्रातून बाहेर न पडता वरच्या ठशाला चिकटून राहते. मग खालून येणाऱ्या पुढच्या कोऱ्या चकतीवर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचेच तोंड दाबले जाते. बाजारात अशा नाण्याला 'लाखी' म्हणतात. टांकसाळीत तपासणी होतेच, तिच्यातून निसटून ते लोकांत येते आणि लोक ते खोटे म्हणून एकमेकांच्या गळ्यात मारत राहतात.

"खोटं नाही, काका. सोळा आणे सरकारी आहे. दीड हजार देतो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलणार तोच त्यांच्या खिशातला फोन वाजला. पलीकडचा आवाज आम्हांलाही ऐकू येत होता. साहेब, पैसे पाठवलेत काय? आज शेवटचा दिवस आहे. अण्णांचा चेहरा क्षणभर उतरला आणि मग त्यावर तो जुना, चौतीस वर्षांचा, भर गर्दीत पुढे सरका म्हणणारा भाव आला.

"असं करा," ते शांतपणे म्हणाले, "तुमची फी त्या पाच लाखांतनंच वळती करून घ्या आणि बाकीचे पाठवून द्या. आत्ता माझ्यापाशी सुटे नाहीत."

फोन बंद झाला तो पुन्हा वाजला नाही.

लाखी अण्णांनी विकली. मी म्हणालो होतो की ठेवा, आठवण आहे. ते म्हणाले, "आठवणीला तिची फी भरता येत नाही, सर." नेहरूंची दोन नाणी मालकांनी थोड्या पैशांत घेतली. चार आणे आणि त्याखालची सारी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेलेली. ती डब्यात परत गेली. आठ आणे कायद्याने अजून चालतात, पण खाली चहावाल्याने ते घ्यायला साफ नकार दिला. कायदा मिंट रोडवर राहतो आणि चहावाला गल्लीत, एवढाच त्याचा अर्थ.

कोटातून परतताना मला वाटले, वाचकांना यातून श्रीमंतीचा मार्ग सांगता येईल असे काही नाही. खिशातल्या चिल्लरीतून लाखो रुपये निघत नाहीत. हजारांतून एखाद्याच्या हाती एखादे नाणे लागते आणि त्यात एखाद्या पुस्तकाचे, एखाद्या महिन्याच्या क्लासचे पैसे सुटतात. पण लाखांच्या आशेने डोळे दिपलेल्या माणसाला नाणे दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. आणि भामट्यांचे सारे दुकान त्या न पाहण्यावर चालते. ज्याला सालाखालची चौकट आणि चांदणी पाहायची सवय लागली, जो नाणे फिरवून बघतो, किती पाडली असतील असा प्रश्न विचारतो, त्याला फोनवरून फसवणे अवघड आहे.

येत्या लक्ष्मीपूजनाला तबकात नाणी मांडाल तेव्हा घरातल्या मुलांच्या हाती एक भिंग द्यावे. कोणते नाणे कोणत्या गावचे, हे त्यांना शोधू द्यावे. एखादे वाकडेतिकडे, कुणी न घेतलेले नाणे डब्याच्या तळाशी पडले असेल तर तेही वर काढावे. अण्णांच्या घरी यंदा तबकात तीन वैष्णोदेवी आहेत, न घासलेल्या. आणि नात, जी आता इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, ती घरात आलेली सारी चिल्लर आधी आजोबांपुढे ओतते आणि मगच खर्चाला नेते.